शंखाच्या वेळी पडलेला सर्व्हर

नाकाला रुमाल लावा, मित्रांनो, आणि मगच जवळ या. मी एक जुना सर्व्हर आहे, आणि माझ्या पंख्यात एक पाल अडकून मेलीय. खोलीत येणारा प्रत्येक जण नाक मुरडतो, "कसला रे हा वास," म्हणतो आणि खिडकी उघडून निघून जातो. खिडकीतून दुसरी पाल आत येते. पहिली काढावी असं अजून कुणालाही वाटलेलं नाही.

सर्व्हर म्हणजे काय, तर दिसायला मठ्ठ असा एक संगणक. सगळ्यांची माहिती पोटात ठेवायची आणि कुणी विचारलं की काढून द्यायची, एवढंच काम. मी हे काम सामोआत करतो. आमच्या बेटाच्या पश्चिम टोकाला काही गावांनी मिळून स्वतःची वीज-समिती काढली आहे. डोंगरावर उन्हाच्या विजेच्या पाट्या, खाली बॅटऱ्या. ज्याला वीज हवी त्याने दुकानात जाऊन पैसे भरायचे. दुकानवाली मला विचारते, मी एक लांबलचक नंबर देतो, तो घरच्या मीटरमध्ये टाकला की दिवे लागतात. घेतलेली वीज संपत आली की मीटर टीं टीं करतं, आणि मग अंधार. म्हणजे बघा, ऊन देवाचं, पाट्या समितीच्या, पण सगळ्यांचा उजेड माझ्या तोंडातून निघतो. मी गप्प बसलो की बॅटऱ्या भरलेल्या असूनही लोक अंधारात चाचपडतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भाग जोडले. ते हातमोजे मला अजून आठवतात, कारण त्यानंतर मला स्वच्छ हात कधी लागलेच नाहीत.

मी बोटीतून आलो तेव्हा मात्र काय थाट होता. पाद्रीबाबांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना म्हटली. बायकांनी माझ्या अंगावर फुलांचे हार घातले. समितीचे अध्यक्ष तोआलेपा, आमच्या गावचे मताई, म्हणजे एका मोठ्या घराण्याचे कर्ते, त्यांनी असं लांबलचक भाषण केलं की हारांमधल्या मुंग्या तेवढ्या वेळात माझ्या पोटात राहायला गेल्या. त्या अजून तिथेच आहेत. त्यांची नातवंडं झालीत.

पहिल्या वर्षी लोक मला बघायला यायचे. "हाच का तो दिवे लावणारा?" म्हणायचे. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की माझ्यासाठी खोलीत गार हवा सोडलेली असते. झालं. दुपारी समितीची निम्मी मंडळी माझ्यासमोर चटया टाकून घोरायला लागली. एकाने बियरचे डबे माझ्या पाठीमागे लपवले. आणि तोआलेपांनी माझ्या वरच्या फळीवर मासळीची टोपली ठेवायला सुरुवात केली, बर्फ घालून. मित्रांनो, तुमच्या डोक्यावर कुणी मासे ठेवलेत का कधी? बर्फ वितळतं. थेंब पडतो. तो थेंब नुसता पाण्याचा नसतो.

माझी देखभाल माताइओ नावाच्या माणसाकडे आहे. चाळिशीचा, पोट सुटलेला, थट्टेखोर, अर्ध्या गावाला फसवून झालेला. त्याच्या घरी फक्त त्याची म्हातारी आई, फुआतिनो. तिची फुप्फुसं गेलेली. ऑकलंडच्या लेकीने तिच्यासाठी हवेतून ऑक्सिजन काढणारं एक मशीन पाठवलंय. ते घरच्या विजेवर चालतं, आणि घरची वीज माझ्या नंबरावर. म्हणजे त्या बाईचा श्वास अखेर माझ्यापर्यंत येऊन पोचतो. आणि माझ्या डोक्यावर मासे.

माताइओला याची धास्ती होती. मी अधूनमधून पडायला लागलो होतो, आणि पडायचो तेही नेमका संध्याकाळी. दिवसभराचा उकाडा अंगात मुरलेला असतो, आणि लोकांना नंबर हवा असतो तो दिवे लावायच्या वेळी, सगळ्यांना एकदम. त्यानेच समितीच्या मागे लागून बैठक बोलावली. बैठक अर्थातच माझ्या खोलीत. गार ना.

ऑकलंडहून ब्रेंडन नावाचा गोरा पोरगा फोनवर होता. यंत्र विकणाऱ्यांचा माणूस, पण बोलणं सरळ. इकडे दोन वर्षं काढलेली, त्यामुळे मोठ्यांना काका म्हणायचं त्याला कळत होतं.

"काका, तुमचा सर्व्हर म्हातारा झालाय," तो म्हणाला. "तीन रस्ते आहेत. पहिला, आहे तसं चालू द्या आणि प्रार्थना करा."

"प्रार्थना आम्ही करतोच," तोआलेपा म्हणाले.

"दुसरा, लांब दुसऱ्या इमारतीत एक नवा सर्व्हर ठेवा. हा जे लिहील ते तो तिकडे उतरवून घेत राहील. हा पडला की कुणीतरी तिथे जाऊन त्याला कामाला लावायचं. आणि तिसरा, तोच नवा सर्व्हर, पण जोडीला एक छोटा पहारेकरी. तो दोघांची नाडी बघत बसतो. हा पडला की तो नव्याला आपोआप गादीवर बसवतो. कुणी उठायला नको, जायला नको."

तोआलेपा पानीकेके खात होते. तळलेले गोळे, तेल निथळणारे. त्यांनी बोटं माझ्या कुशीला पुसली. रोजच पुसतात.

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे कुणाला न विचारता."

घोरणारा एक जण जागा झाला.

"बाळा," तोआलेपा म्हणाले, "माझा थोरला भाऊ गेला तेव्हा ही पदवी मला मिळायला अख्खं घराणं बसलं. भांडलं, जेवलं, परत भांडलं. माझी आत्या माझ्याशी अजून बोलत नाही. आणि तुझा पहारेकरी एका क्षणात गादी देऊन मोकळा? घरच्यांना न विचारता?"

"काका, ते यंत्र आहे."

"यंत्राला रीत नको? आणि समज, हा मेला नाहीये, नुसता डुलकी काढतोय. पहारेकऱ्याला वाटलं मेला. मग एका गादीवर दोन धनी. बघितलंयस कधी असं गाव? मी बघितलंय. एकमेकांच्या डुकरांचे कान कापतात."

"तेच होऊ नये म्हणून तर पहारेकरी असतो, काका."

"पहारेकऱ्यांना मी ओळखतो. माझा पुतण्या पहारेकरीच आहे. झोपतो."

सगळे हसले. माताइओ हसला नाही. तो म्हणाला, "काका, हा पडतो संध्याकाळी. शंखाच्या वेळी पडला तर त्या नव्याला कामाला कोण लावणार?"

"तू आहेस ना."

"शंख झाल्यावर? तेव्हा रस्त्यावर कसा येऊ?"

"शंख झाल्यावर देव बघेल."

"देवाला पासवर्ड माहीत नाही, काका."

यावर परत हसले सगळे, तोआलेपा सर्वांत जास्त, आणि तिथेच विषय मिटला. दुसरा रस्ता ठरला. नवा सर्व्हर आला, त्याच्यावरही हार पडले, मुंग्या चढल्या, आणि त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेच्या अडगळीच्या खोलीत ठेवलं. तिथे तो माझं सगळं उतरवून घेत बसतो. हुशार आहे, पण कुणी येऊन सांगेपर्यंत तोंड उघडणार नाही.

आता शंखाचं सांगतो. आमच्या गावात रोज संध्याकाळी शंख वाजतो. पहिला वाजला की घरी चला. दुसरा वाजला की घरोघर प्रार्थना. तेव्हा रस्त्यावर कुणी दिसता कामा नये. तिसरा वाजला की मोकळे. मधल्या वेळात जो हलेल त्याला गाव दंड करतं. त्यासाठी रस्त्याच्या कडेला लुंग्या नेसलेली दांडगी पोरं उभी असतात. कुणी आजारी असेल तर सोडतातही, दगड नाहीत ती. पण माताइओने स्वतःच घोळ करून ठेवला होता. एकदा शंख वाजल्यावर तो रस्त्याने पळताना सापडला. "सर्व्हर पेटलाय," म्हणून ओरडला. पोरांनी सोडलं. थोड्या वेळाने तो माझ्या पाठीमागून बियरचे डबे घेऊन निघताना दिसला. गावात महिनाभर हसणं चाललं होतं, आणि सर्वांत जास्त तोच हसत होता.

आणि मग ती संध्याकाळ.

त्या दिवशी मासे मोठे मिळाले होते. टोपली भरून वाहत होती, बर्फ भराभर वितळत होतं. आणि ते पाणी, खवल्यांसकट, रक्तासकट, माझ्या मागच्या फटीतून आत उतरलं. मी यंत्र आहे, मला ओकता येत नाही. येत असतं तर ओकलो असतो. बाहेर दुकानांत लोक रांगा लावून नंबर मागत होते. मी दोन-चार दिले, आणि मेलो.

त्यापुढचं मी बघितलेलं नाही. माताइओ नंतर मला उपडा करून पुसत होता तेव्हा तो स्वतःशीच सगळं बडबडला, आणि उरलेलं त्या पोरांनी येऊन सांगितलं.

माताइओ घरीच होता. मीटर टीं टीं करत होतं. तेवढ्यात दुकानवालीचा फोन आला. "अरे, तुझा म्हातारा गेला वाटतं. नंबरच येईना." तो उठला आणि दुसरा शंख वाजला.

"बस," फुआतिनो म्हणाली. तिने भजनाचं पुस्तक उघडलं होतं.

"आई, मीटर ऐकू येतंय ना तुला?"

"बहिरी नाही मी. बस."

"वीज जाईल. तुझं मशीन बंद पडेल."

"मशीन नव्हतं तेव्हाही मी संध्याकाळी बसतच होते. मागे बियरसाठी पळालास तेवढी शोभा पुरे झाली."

तो बसला. दिवा गेला. ऑक्सिजनच्या मशीनने एक उसासा टाकला आणि ते गप्प झालं. अंधारात म्हातारीने भजन सुरू केलं. पहिलं कडवं नीट म्हणाली. दुसऱ्या कडव्यात शब्दांच्या मध्ये नुसती हवा ओढल्याचा आवाज यायला लागला. तिसरं कडवं आलंच नाही.

तो धावत सुटला. शाळेकडे.

फणसाच्या झाडाखाली पोरांनी त्याला धरलं.

"काय रे माताइओ, परत सर्व्हर पेटला?"

"आईचं मशीन बंद पडलंय. सोडा."

"मागच्या खेपेला आग, या खेपेला आई. पुढच्या खेपेला पाद्रीबाबा मरतील बघ."

"देवाशपथ सांगतोय."

"आई कुठंय?"

"घरी."

"मग तू इकडे कुठे? इकडे तर शाळा आहे. आई शाळेत जायला लागली का?"

खरं तर पोरांचं म्हणणं बरोबर होतं. आई आजारी असेल तर माणूस आईजवळ बसेल, नाहीतर डॉक्टरकडे पळेल. शाळेच्या अडगळीत पळणारा मुलगा कुणाला खरा वाटेल? त्याने दुसऱ्या सर्व्हरचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. सांगता सांगता त्यालाच कळलं की हे सगळं थापेसारखं वाटतंय. एका पोराने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तो हात म्हणजे नारळाचा बुंधा. मग चहूबाजूंच्या घरांतून भजनं ऐकू येत राहिली, आणि ज्याच्या थापांवर गाव हसायचं तो माणूस धुळीत बसून रडत राहिला. तेव्हा कुठे पोरांना शंका आली. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि तेवढ्यात तिसरा शंख वाजला.

तो शाळेत पळाला, नव्याला कामाला लावलं, त्याच्याकडून नंबर घेतला, घरी पळाला, अंधारात चाचपडत मीटरमध्ये टाकला. म्हातारी चटईवर आडवी होती. ओठ जांभळे. मशीन घुरघुरायला लागलं. बराच वेळ नुसतं मशीनच घुरघुरत होतं. मग तिने डोळे उघडले.

"आमेन न म्हणता उठलास," ती म्हणाली.

वाचली, मित्रांनो. पण दंड झालाच. एक डुक्कर. माताइओकडे स्वतःचं काहीच नाही, म्हणून आईची डुकरीण गेली, जिला ती हाताने पपई भरवायची. गावाने ती भाजून खाल्ली. तोआलेपांना मानाचा भाग मिळाला, पाठीचा, जाड चरबीचा. आणि ते चरबीचे हात घेऊन ते थेट माझ्या खोलीत आले, कारण परत बैठक होती.

ब्रेंडन परत फोनवर. त्याला सगळी हकीकत सांगितली.

"काका," तो म्हणाला, "आता तरी पहारेकरी घ्या."

"कशाला?" तोआलेपांनी चरबीची बोटं माझ्या कपाळाला पुसली. "नवा सर्व्हर नीट चालला की नाही?"

"चालला, पण..."

"मग? अडवलं ते पोरांनी. यंत्रात दोष कुठंय?"

कुणीतरी म्हणालं, माताइओला शंखाच्या वेळी रस्त्याने जायची मुभा द्यावी. सगळ्यांनी माताइओकडे बघितलं.

"ह्याला?" एक जण म्हणाला.

"बियर कोण मोजणार मग?" दुसरा म्हणाला.

माताइओने मान खाली घातली. मला त्या खोलीतल्या प्रत्येकाची किळस आली, त्याचीसुद्धा. एक म्हातारी श्वासासाठी तडफडली, आणि या लोकांना गादीची रीत आणि बियरचे डबे दिसत होते. ठरलं काय, तर बोनिटो माशांचा हंगाम संपल्यावर बघू. हंगाम संपला. मग पाद्रीबाबांच्या घराच्या छपराचं काम निघालं. मग कुणाचं तरी लग्न.

फुआतिनो मात्र हंगामासाठी थांबली नाही. ती बैठकीला आली नाही, कुणाशी भांडली नाही. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी ऊन कलल्यावर लेकाला म्हणाली, "ढकलगाडी काढ."

"कशाला?"

"मला शाळेत ने."

"आता? आई, शंख व्हायला आलाय."

"म्हणूनच म्हणते. शंख झाल्यावर हलायचं नाही, एवढीच रीत आहे ना? जिथे असू तिथे बसायचं. मग मी तिथेच जाऊन बसते. आणि तू माझ्याजवळ."

त्याने ढकलगाडीत चटई घातली. ज्या गाडीतून तो नारळ आणि डुकरांचं उष्टं नेतो, तीच. तिच्यात आई, आईच्या मांडीवर ते ऑक्सिजनचं मशीन, मशीनवर भजनाचं पुस्तक. अख्ख्या गावातून करकर करत ती गाडी गेली. शाळेच्या अडगळीत, मोडक्या बाकांच्या आणि उंदरांच्या लेंड्यांच्या मध्ये, त्या नव्या सर्व्हरशेजारी दोघं बसली. शाळेच्या मीटरमध्ये वीज कायम भरलेली असते, तिथे तिचं मशीन लावलं. शंख वाजला. दोघांनी भजन म्हटलं.

तेव्हापासून रोज. मी अजूनही पडतो. पडलो की तिकडे नव्याचा दिवा लाल होतो. माताइओ भजन न थांबवता, जागेवरून न उठता, हात लांब करतो आणि त्याला कामाला लावतो. कधी त्याचं लक्ष नसतं, तेव्हा म्हातारी गाता गाता त्याला कोपराने ढोसते. गावात कुणाचा दिवाही लुकलुकत नाही. तिसरा शंख वाजला की तो आईला गाडीत घालून घरी आणतो.

आणि परवा काय झालं ते ऐका. राजधानीतून दुसऱ्या एका समितीचे लोक आले होते, आमचा कारभार बघायला. तोआलेपांनी त्यांना माझ्या खोलीत आणलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हा जुना आहे. पण पडला तरी काळजी नाही. दुसरा लगेच उभा राहतो. आमच्याकडे आपोआप होतं सगळं."

"आपोआप?" पाहुणे म्हणाले. "पहारेकरी बसवलात की काय?"

"काही गरज पडली नाही," तोआलेपा म्हणाले.

पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांनीही पहारेकरी घ्यायचा नाही असं ठरवलं म्हणतात. माताइओ दारात उभा होता. हे सगळं पचवून वर पाहुण्यांसाठी त्याने नारळ फोडले.

मित्रांनो, मी यंत्र आहे, जुनं झालो की भंगारात जाणार. त्याचं मला दुःख नाही. पण ज्याला तुम्ही आपोआप म्हणता, त्याच्या खाली कुणाची तरी म्हातारी आई ढकलगाडीत बसलेली असते, पावसात डोक्यावर केळीचं पान धरून. दोन यंत्रांची नाडी ती बघते. तिची नाडी कोण बघतं? ज्या संध्याकाळी तिला उठता येणार नाही, त्या संध्याकाळी तुमचं आपोआप कुठे जाईल, हे एकदा तरी विचारा. आणि तो पहारेकरी आणा. तो झोपत नाही, मी ऐकलंय.

तोवर निदान एवढं करा. पंख्यातली पाल काढा. मासे घरी न्या.

आत्ता ऊन कललंय. पहिला शंख अजून व्हायचाय, पण खिडकीतून मला गाडीचं चाक ऐकू येतंय, करकर, करकर. इतके दिवस झाले, कुणी त्याला तेल घातलेलं नाही. तोआलेपा, तुम्ही रोज जेवढं तेल माझ्या अंगाला पुसता, त्यातलं थेंबभर त्या चाकाला पुसा.